मॉनिटर उन्हात बघणारे आबा

माझ्या सासऱ्यांना खरेदीला सोबत नेऊ नये, हे माझं मत लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत पक्कं झालं. तळेगावात मी साडी बघत होते आणि सासरे शेजारी बसून पदर दोन्ही हातांनी ओढून बघत होते, नवा कासरा ओढून बघावा तसे. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, “आबा, फाटेल हो.” आबा म्हणाले, “फाटायची आसंल तर आत्ताच फाटू दे. घरी न्हेल्यावर कुणाच्या नावानं बोंबलू?” साडी फाटली नाही, पण मी लाजेनं अर्धमेली झाले. तेव्हापासून किराणा, कपडे, भांडीकुंडी सगळं मी एकटीच आणते आणि घरी कुणी भाव विचारला तर ऐकू न आल्यासारखं करते.

यंदा मात्र ते जमलं नाही. घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी आबा टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे.

कॉम्प्युटर हवा होता माझ्या लेकीला, प्रेरणाला. ती सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर घरांचे नकाशे बघून तिचे डोळे लाल व्हायचे आणि तिची चिडचिड माझ्या वाट्याला यायची. मी गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये पॅकिंगवर देखरेख करते, माझा नवरा निलेश शाळेची बस चालवतो. दोघांनी मिळून ठरवलं, आता घ्यायचाच. यात आबांचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण आबांचं काम होतं, आणि त्यांच्या मते ते प्रेरणाच्या नकाशांपेक्षा मोठं होतं.

बजरंग आबा म्हणजे आमच्या इंदुरी गावातलं बुटकं, काटक, सत्तरीला आलेलं आणि दोन आळ्या पलीकडे ऐकू जाणारं माणूस. आयुष्यभर शेती केली, असं ते सांगतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई शालूबाई, सांगतात की शेती मी केली, ह्यांनी नुसते बैल केले. दोघांपैकी खरं कोण बोलतं ते मी सून म्हणून सांगणार नाही, पण आत्याबाईंच्या हाताचे घट्टे मी पाहिलेत. बैल मात्र आबांनी मनापासून केले. शर्यतीचा बैल पोरापेक्षा जास्त जपला. निलेशला लहानपणी अर्धा पेला दूध मिळायचं आणि बैलाला पाटीभर अंडी फोडून घालायचे, हे निलेश अजून बोलून दाखवतो.

त्या बैलांतला राजा म्हणजे सरदार. पांढराशुभ्र, रुंद छातीचा, आणि आबांशिवाय कुणालाही शिंगाला हात लावू न देणारा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो गोठ्यात नुकता आलेला होता आणि घरात माझ्यापेक्षा त्याचं कौतुक जास्त होतं. खेड तालुक्यातल्या एका यात्रेत आबांनी त्याला पळवला. गाड्याला एका बाजूला आमचा सरदार, दुसऱ्या बाजूला आबांचे जिवलग मित्र भिकाजीमामा यांचा पाखऱ्या. त्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, त्यांची बारी, म्हणजे त्यांच्या गाड्याची धाव, पहिली आली. त्यानंतर लगेच शर्यतींवर बंदी आली, आणि ती उठेपर्यंत सरदार म्हातारा होऊन गेलासुद्धा. म्हणजे मोठ्या घाटात सरदार उभ्या जन्मात एकदाच पळाला, आणि त्या एका बारीवर आबांचं पुढचं सगळं बोलणं चाललं.

ती बारी आबा कशी सांगतात ते ऐकण्यापेक्षा बघावं. घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आधी बारी मिळते. घाटाच्या मधोमध सरदारचा उजवा गुडघा टेकला, असं म्हणून आबा स्वतः पडवीत गुडघा टेकतात. लोक “आरारारा” म्हणाले, असं म्हणून स्वतःच “आरारारा” म्हणतात. मग सरदार उसळून कसा उठला आणि वाऱ्यासारखा कसा सुटला, हे दाखवायला उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागतो, पण ते उठतात. गुडघा टेकलेला बैल पहिला कसा येईल, असा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकतानाच पडला होता. मी तो विचारला नाही. सुनेनं विचारायचे प्रश्न वेगळे असतात.

तर झालं असं, की दिवाळीच्या झाडलोटीत भिकाजीमामांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एक डीव्हीडी सापडली. त्या यात्रेच्या वेळी शर्यतीचं शूटिंग झालं होतं, ती. भिकाजीमामांकडच्या बाकीच्या सगळ्या तबकड्या, लग्नाच्या, बारशाच्या, पेरूच्या झाडाला टांगलेल्या आहेत, पोपट उडवायला. ही तेवढी ट्रंकेत राहिली म्हणून वाचली. पण लावायची कशावर? त्यांचा प्लेअर कधीच भंगारात गेला, आमच्याकडे कधी नव्हताच, आणि आता गावात कुणाकडे असला तरी चालू नाही. ही बातमी आबांच्या कानावर आली आणि त्याच आठवड्यात घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला.

“कायबी घ्या,” आबा म्हणाले, “पर त्येच्यात तबकडी घालायची सोय पायजे. मला सरदारची बारी बघायचीय.”

“आबा, आता कुणी सीडी ड्राइव्ह घेत नाही,” प्रेरणा म्हणाली.

निलेश म्हणाला, “आणि तुम्ही तर समोर उभं राहून बघितलीय की. परत काय बघायचंय?”

आबा जे एरवी बोलायला थांबत नाहीत, ते यावर नुसतं “तुला न्हाई कळायचं” म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. गोठ्यात आता एक म्हैस आहे फक्त. मला तेव्हाच थोडं वेगळं वाटलं होतं.

तळेगावात स्टेशनकडच्या रस्त्याला धम्मदीपचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो निलेशचा शाळेतला मित्र. ही ओळख होती म्हणूनच आम्हाला त्या दिवशी दुकानाबाहेर काढलं गेलं नाही, असं माझं आजही म्हणणं आहे. निलेशची बस होती, त्यामुळे मी, प्रेरणा आणि आबा असे तिघंच गेलो.

धम्मदीपने दोन मॉनिटर चालू करून दाखवले, एक लहान, एक चांगला ऐसपैस. प्रेरणाचे डोळे मोठ्यावर खिळले. आबांनी दोन्हींना एक एक प्रदक्षिणा घातली. मागून बघितलं, खालून बघितलं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग म्हणाले, “भाईर काढ.”

“बाहेर?” धम्मदीपला कळेना.

“उन्हात. सावलीत रंग कळतो व्हय? चाकणच्या बाजारात आमी कंदी गोठ्यात उभा आसल्याला बैल घेतला न्हाई. भाईर काढायचा, उन्हात फिरवायचा, मग बोलायचं.”

मी म्हटलं, “आबा, हा बैल नाही.” प्रेरणा म्हणाली, “आबा, प्लीज.” धम्मदीप मात्र हसत हसत लांब वायर लावून लहान मॉनिटर फुटपाथवर घेऊन आला. भर दुपारचं ऊन. पडद्यावर समुद्राचं चित्र होतं म्हणे, आम्हाला दिसली आमची तीन तोंडं आणि मागून जाणारी एक सहा आसनी रिक्षा.

“बग,” आबा जिंकल्यासारखे म्हणाले, “आत निळा हुता, भाईर काळा पडला. खोटा रंग हाय.”

आता रस्त्यावर चार माणसं जमली. भाजीवाली उठून आली. एक पोलीस थांबला, त्यानेही डोळे बारीक करून बघितलं आणि खरंच काळा पडतोय असं मत दिलं. धम्मदीपने बिचाऱ्याने समजावून सांगितलं, की कुठलाही मॉनिटर उन्हात असाच दिसणार. आबा म्हणाले, तर मग दुसराबी आण. दुसराही आला. तोही काळा पडला, पण जरा कमी, त्याची काच चकाकणारी नव्हती म्हणून. “ह्यो जरा इमानदार हाय,” आबा म्हणाले आणि मला हसू आवरेना. रागही येत होता आणि हसूही येत होतं, आणि प्रेरणा दुकानात आत जाऊन तोंड फिरवून बसली होती.

पुढे त्यांनी मॉनिटरची मान तपासली. मोठ्या मॉनिटरचा स्टँड वळणारा होता, डावीकडे उजवीकडे. तो वळताना बघून आबा खूश झाले. “मान मोकळी हाय. मान आखडल्यालं जनावर कामाचं न्हाई.” लहान्याची मान वळत नव्हती, तो तिथेच नापास झाला असता, पण तेवढ्यात ड्राइव्हचा विषय आला आणि सगळंच फिरलं.

धम्मदीपने सांगितलं, की हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तबकडीच्या ड्राइव्हला खाचच नसते. दोन मार्ग आहेत. एक तर वेगळा पातळ ड्राइव्ह घ्यायचा, तो वायरने बाहेरून जोडायचा. नाहीतर त्याच्याकडे जुन्या पद्धतीचं एक कॅबिनेट पडून होतं, मोठं, खाचेचं, त्यात ड्राइव्ह आत बसला असता. पण ते कॅबिनेट घेतलं तर आम्ही आणलेल्या पैशांत मॉनिटर लहानच येणार होता.

आबांनी तो पातळ ड्राइव्ह तळहातावर घेतला. चटणीच्या डब्याच्या झाकणाएवढा. “ह्यो? ह्येच्यात सरदार मावंल?” त्यांचा विश्वासच बसेना. “आत बसल्यालाच बरा. भाईर लटकणारं कवा कुणी पायात अडकवंल.”

“म्हणजे मला लहान मॉनिटर,” प्रेरणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने दाखवलं नाही, पण आईला दिसतं. मला आबांचा मनापासून राग आला. पोरीच्या अभ्यासाची वस्तू, आणि मेलेल्या बैलासाठी तिला लहान पडदा घ्यायचा?

धम्मदीप शहाणा. तो म्हणाला, “आबा, ड्राइव्ह घेताच कशाला? तुम्ही ती डीव्हीडी घेऊन या. माझ्याकडे एक जुनं मशीन आहे, इथे लावून बघा, पेनड्राइव्हवर भरूनही देतो. फुकट.”

मी म्हटलं, सुटलो बाई. पण आबांनी जोरात मान हलवली. “दुकानात न्हाई. बारी मारून बैल आला, की पयला घराच्या दारात येतो. घरची बाई पायावर पाणी घालती, ववाळती, मग बाकीचं. सरदार दुकानात न्हाई यायचा. घरी बगणार, घरच्यांत.”

ते हट्टाने बोलले असते तर मी भांडले असते. पण ते हट्टाने बोलले नाहीत, जवळजवळ विनवल्यासारखं बोलले.

मग आबाच उठले, रस्ता ओलांडून पलीकडच्या चपलांच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “आता बारका लाव!” धम्मदीपने लहान मॉनिटर दाराकडे वळवला. “दिसंना!” आबा ओरडले. “थोरला लाव!” मोठा वळवला. आबा बराच वेळ बघत राहिले. मग रस्ता ओलांडून आले, आणि प्रेरणाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “थोरला घे गं पोरी. आळीतली समदी पडवीत बसणार, बारक्यावर दिसायचं न्हाई कुणाला. आन् त्यो झाकणावानी हाय त्यो घिऊ. दावणीला बांधल्याला आसतोय न्हवं वायरीनं? ऱ्हाईल मग.”

प्रेरणा हसली. धम्मदीप हसला. मीही हसले असते, पण तेवढ्यात आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून धम्मदीपच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने नाही, फडक्याखाली बोटांनी, म्हणजे बघणाऱ्यांना कळू नये. धम्मदीपला काही कळेना, तो नुसताच गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता आणि मान डोलावत होता. आबांनी ती मान म्हणजे होकार धरला. शेवटी त्याने काहीतरी कमी केलं, किती ते दोघांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

कॉम्प्युटर घरी आला. आत्याबाईंनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, प्रेरणाने वायरी जोडल्या आणि दुसऱ्याच दिवशी तिचे नकाशे मोठ्या पडद्यावर ऐटीत दिसायला लागले. ड्राइव्ह शेजारी बसून होता. आणि आता गंमत बघा. ज्याच्यासाठी एवढा तमाशा झाला, ते आबा डीव्हीडीचं नावच काढेनात! आज एकादशी आहे. आज भिकाजी गावाला गेला असेल. आज म्हशीचं ठीक दिसत नाही. आठवडा गेला. प्रेरणा मला म्हणाली, “आई, आबांना झालंय काय?” मलाही कळेना, आणि मला न कळलेलं मी जास्त दिवस तसंच ठेवत नाही. मी कामावरून येताना सरळ गावातल्या किल्ल्याच्या बाजूला भिकाजीमामांच्या घरी गेले.

भिकाजीमामा आबांच्या अगदी उलट. उंच, शांत, मोजकं बोलणारे. त्यांनी डीव्हीडी आणून हातात दिली आणि सोडली नाही. आम्ही दोघं ती धरून उभे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “लावशीला तवा त्येच्याजवळ बस. त्येनं ही बारी बगितल्याली न्हाई.”

“म्हणजे? ते तर सगळं सांगतात.”

“सांगतोय. पर बगितली न्हाई. गाडा जुपला आन् ह्येचे हातपाय गार पडले. सरदार पडंल, पाय मोडंल, ह्येच धरून बसला. टेम्पोच्या मागं जाऊन बसला टॉवेलात तोंड घालून. लोकांनी गिल्ला केला तसा ह्येला वाटलं बैल पडला. उठला आन् उलट्या बाजूनं पळाला. आमी गुलाल घिऊन हुडकतोय, तर ज्वारीच्या रानात घावला.” भिकाजीमामा हसले. “येताना टेम्पोत आमी त्येला बारी सांगितली. त्यो परत परत इचारायचा, आमी परत परत सांगायचो. चाकण यीस्तवर त्योच आमाला सांगाय लागला.”

“आणि गुडघा?”

“त्यो त्येनं घातला. भ्या वाटलं हुतं ना त्येला, मग ते कुटंतरी यायलाच पायजे.”

मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत? ते म्हणाले, “कशापाई बोलू? बैल तर पयलाच आलता.”

येताना रस्ताभर मला आबांवरचा माझा राग आठवत होता. मेलेल्या बैलासाठी म्हणून मी मनात काय काय बोलले होते. या माणसाने आपल्या बैलाला पळताना बघितलंच नव्हतं आणि ते बघायचा हा एकच मार्ग होता. आणि तो चालू केला की आपलं सगळं सांगणं उघडं पडेल, हेही त्याला माहीत होतं. दोन्हीकडून कोंडी. मला त्यांची इतकी माया आली की घरी येऊन मी आधी त्यांच्यावर ओरडले, “आबा, रविवारी दुपारी चारला बारी लावणार आहे, म्हशीला काहीही होऊ दे!” आबा माझ्या हातातल्या डीव्हीडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लाव.”

रविवारी आळी लोटली. आमच्या शेजारच्या नंदाबाई सगळ्यांत पुढे, त्यांनी ही बारी आबांच्या तोंडून माझ्याहून जास्त वेळा ऐकलेली. निलेशने मॉनिटरची मान दाराकडे वळवली, पडवीत सतरंजी टाकली. आबांना खुर्ची, मी त्यांच्या शेजारी पाटावर. भिकाजीमामा खांबाला टेकून उभे. आत्याबाईंनी तबक आणलं, पडद्याला ओवाळलं. प्रेरणाने तबकडी ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. काही नाही. आबा खुर्चीच्या कडेला आले. प्रेरणाने तबकडी काढून माझ्या मऊ ओढणीने अलगद पुसली, परत घातली. घरघर, आणि मग एकदम सनई-हलगीचा आवाज.

धूळ, झेंडे, माणसंच माणसं. निवेदकाचा आवाज माईकवर फुटत होता. आधी दुसऱ्यांच्या दोनचार बाऱ्या गेल्या. मग तो ओरडला, “इंदुरीकर बजरंगशेठ आणि भिकाजीशेठ यांची जुगलबंदी!” शेठ म्हटल्यावर आळीने टाळ्या पिटल्या. बैलांना वाट दाखवणारी घोडी पुढे सुटली, मागे गाडा सुटला, आणि सरदार आला.

काय सांगू, मी त्या बैलाचं शेण काढलंय, पण तो असा होता हे मला माहीत नव्हतं. मान खाली, शेपूट वर, जमिनीला पाय लागतोय की नाही कळू नये. दोरी धरून आखल्यासारखा सरळ वर गेला. ना अडखळला, ना वळला. वर पोचल्याचा झेंडा पडला, निवेदक बेभान झाला, आणि बघता बघता संपलंसुद्धा. पडद्यावर लोक धावले, गुलाल उडाला, सरदारच्या पाठीवर भिकाजीमामांनी थाप मारली. आबा कुठे दिसले नाहीत.

पडवीत आधी जल्लोष झाला आणि मग तो हळूहळू विरला. नंदाबाईंनी न राहवून विचारलं, “आबा, गुडगा कुटं टेकला वं?”

मी घाईघाईने म्हटलं, “धुळीत दिसला नसेल.”

“न्हाई गं अनिता,” आबा म्हणाले. “धुळीत काय न्हाई. टेकलाच न्हाई त्यो.” ते पडद्याकडेच बघत होते. “मी बगितलंच न्हवतं. टेम्पोमागं तोंड झाकून बसलोतो, गिल्ला झाला तसा ज्वारीत पळालो. पडला आसता तर मला बगवलं नसतं. म्हून.” मग त्यांनी भिकाजीमामांकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “लय सरळ पळाला रं भिका. मी उगा भ्यालो.”

निलेश खाली बघायला लागला. मला वाटलं आता हे उठून गोठ्यात जाणार. तेवढ्यात आत्याबाई तबक खाली ठेवत म्हणाल्या, “त्येच्यात नवीन काय? निलेशच्या येळंला मी कण्हाय लागले तवाबी आसंच पळालं हुतं. ज्वारीतच घावलं हुतं.”

अख्खी पडवी फुटली. नंदाबाई तर सतरंजीवर आडव्या झाल्या. आबांनी आत्याबाईंकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याच खांद्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशाचं ते त्यांनी पुसलंही नाही आणि लपवलंही नाही.

“परत लाव,” ते प्रेरणाला म्हणाले.

या वेळी ते खुर्ची ओढत थेट टेबलापाशी गेले, नाक पडद्याला लागेल इतके जवळ. सरदार सुटला. आबा पापणी न हलवता बघत होते. सरदार वर गेला, झेंडा पडला. बारी मारून आलेल्या बैलाच्या पाठीवर पहिली थाप मालकाची पडायची अशी आमच्याकडे रीत आहे. ती त्या दिवशी कुणाची पडली होती ते आता सगळ्या आळीने बघितलं होतं. आबांनी हात पुढे केला आणि त्या पांढऱ्या पाठीवर, काचेवर, पूर्ण पंजा टेकवला.

“शाब्बास रं,” ते म्हणाले. “शाब्बास.”

प्रेरणा एरवी पडद्याला कुणाचं बोट लागलं तरी किंचाळते. आता ती आबांचा हात निघेपर्यंत थांबली, आणि मग तिने विचारलं, “आबा, अजून एकदा लावू?”